‘हॉकी’ म्हणजे नेमके काय?

आपल्या वसतिगृहाच्या मैदानावर हॉकी खेळून वाढलेला एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त कॅनडात गेला. मध्यंतरी तो शाळेत भेटावयास आला असता त्याने तेथील पहिल्या हिवाळ्यातील एक अनुभव सांगितला. सहकाऱ्यांनी ‘हॉकी खेळतोस का?’ असे विचारले. त्याने आनंदाने होकार दिला. ठरल्या दिवशी तो मैदानी बूट घालून पोहोचला, तर समोर गवत नव्हते, बर्फ होता. प्रसंग हसण्याचा खरा; परंतु त्यात इतिहासाच्या अभ्यासकासाठी एक गंभीर प्रश्न दडला आहे. एकाच शब्दाचा अर्थ देशागणिक का बदलतो, आणि त्यांपैकी ‘खरा’ अर्थ कोणता, हे कोण ठरवितो?

प्रथम शब्दाकडे पाहू. त्याची व्युत्पत्ती निर्विवाद नाही. मेंढपाळाच्या आकडीदार काठीसाठी असलेल्या जुन्या फ्रेंच शब्दाशी त्याचे नाते सांगितले जाते. आयर्लंडमधील गॉलवे शहराच्या १५२७ च्या नियमांत काठ्यांनी लहान चेंडू टोलविण्याच्या खेळास मनाई केलेली आहे. त्या काठ्यांच्या वर्णनात याच शब्दाचे जुने रूप आढळते. तेथे हा शब्द काठीला लागलेला आहे. खेळ गवतावर व्हावा की बर्फावर, हे त्या शब्दात कोठेही नाही. ते पुढे भूगोलाने आणि इतिहासाने ठरविले.

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात गवताच्या मैदानावरील खेळाला नियमांची चौकट मिळाली. ब्रिटिश लष्कराबरोबर तो भारतात आला. म्हणून भारत, पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया येथे, तसेच नेदरलँड्समध्येही, नुसते ‘हॉकी’ म्हटले की हाच खेळ समजला जातो. कॅनडात मात्र हिवाळ्यात तळी गोठतात. तेथे बर्फावरच काठी चालली. ३ मार्च १८७५ रोजी मॉन्ट्रियल येथे छताखालील बर्फावर झालेला सामना या खेळाच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. त्यामुळे कॅनडा व अमेरिकेत ‘हॉकी’ म्हणजे बर्फावरचीच. आपल्या खेळाला तेथे ‘फील्ड हॉकी’ म्हणावे लागते. अमेरिकेत हा मैदानी खेळ १९०१ मध्ये कॉन्स्टन्स ॲपलबी यांनी महिला महाविद्यालयांत रुजविला, म्हणून तेथे तो आजही मुख्यतः मुलींचा खेळ समजला जातो.

रशियन भाषेने वेगळी वाट काढली. तेथे ‘चकतीची हॉकी’, ‘चेंडूची हॉकी’ आणि ‘गवतावरची हॉकी’ अशी तीन नावे आहेत. पैकी पहिल्या दोन्ही बर्फावर खेळल्या जातात. पोर्तुगालमध्ये आणि स्पेनच्या काही भागांत चाकांच्या बुटांवरील हॉकी लोकप्रिय आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तिचे प्रदर्शनीय सामने झाले होते.

खेळ इतके भिन्न, तरी त्यांत एक साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्या हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा, तर बर्फावरची रबरी चकती १५६ ते १७० ग्रॅमची. एका संघात ११ खेळाडू मैदानात, दुसऱ्यात ६.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ऑलिंपिकमध्ये आपला खेळ केवळ ‘हॉकी’ आहे. विशेषण बर्फावरील खेळाला लागते. कॅनडात नेमके उलट. विशेषण नेहमी दुसऱ्याला लागते. आपल्याला आपले नाव पुरेसे वाटते. आपणही ‘हॉकी संघ’ आणि ‘महिला हॉकी संघ’ असे सहज म्हणून जातो, तेव्हा हेच करीत असतो.

नावाचे हे मोल जाणणारा एक हॉकीपटू आपल्याच देशात होऊन गेला. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने २९ गोल केले, एकही स्वीकारला नाही, आणि पहिले सुवर्णपदक जिंकले. त्या संघाचे कर्णधार जयपाल सिंग मुंडा पुढे संविधान सभेचे सदस्य झाले. तेथे हिंदी अनुवादात आपल्या समाजासाठी ‘बनजाति’ हा शब्द योजण्यास त्यांनी हरकत घेतली आणि ‘आदिवासी’ या शब्दाचा आग्रह धरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘आदिवासी’ हा सर्वसाधारण शब्द असून त्याला निश्चित कायदेशीर अर्थ नाही, म्हणून ‘अनुसूचित जमाती’ हा शब्द योजल्याचे स्पष्ट केले. एकाला स्वाभिमानाचे नाव हवे होते, दुसऱ्याला हक्कांना भक्कम आधार देणारे. मते भिन्न होती. पण शब्द ही क्षुल्लक बाब नव्हे, याविषयी दोघेही जागरूक होते.

कॅनडाहून आलेल्या त्या विद्यार्थ्याला मी विचारले, ‘मग खरी हॉकी कोणती?’ तो म्हणाला, ‘सर, आता मी आधी विचारतो, कशावरची?’ इतिहासाच्या वर्गात मला जे शिकवावयाचे असते, ते या एका प्रश्नात आले. शब्द ऐकताच अर्थ गृहीत धरू नये. बोलणारा कोणत्या भूमीवर उभा आहे, हे आधी विचारावे.