इंजिन धडधडते? आधी आपला हात आठवा

काल ट्रक चांगला चालत होता. आज आपण तो घरीच उघडला. एखादा भाग बदलला आणि पुन्हा जोडला. मग किल्ली फिरवली, तर इंजिन धडधडू लागले. सारी गाडी हलते. आवाज मध्येच तुटतो. गाडीवाले म्हणतात, "गाडी मिसिंग मारते."

अशा वेळी माणूस घाबरतो. "पंप गेला," असे एक जण म्हणतो. "हेड गेलं," असे दुसरा म्हणतो. मग घाईने आणखी चार नट खोलले जातात. दोष असतो एक, पण खोलाखोलीत त्याचे चार होतात. पैसा जातो आणि दिवसही जातो.

या धड्यात एकच गोष्ट शिकायची आहे. काल इंजिन ठीक होते. मध्ये फक्त आपला हात लागला. म्हणून जिथे हात लागला, तिथेच आधी पाहायचे. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

डिझेल इंजिन कसे चालते

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. मग डिझेल पेटते कशाने?

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाला हात लावून पाहा. खालचे टोक गरम लागते. हवा दाबली की ती तापते. डिझेल इंजिनात पिस्टन हवेला दाबून तिचा पंधरावा-विसावा हिस्सा करतो. ती हवा फार तापते. मग नोझल तिच्यात डिझेलचा बारीक फवारा मारतो. फवारा आपोआप पेटतो आणि पिस्टनला खाली ढकलतो. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने असे इंजिन १८९७ साली चालवून दाखवले. त्याच्याच नावावरून या तेलाला डिझेल म्हणतात.

म्हणजे तीन गोष्टी हव्यात: हवा, डिझेल आणि दाब. तिन्हींपैकी एक जरी कमी पडली, तरी तो सिलिंडर नीट पेटत नाही.

मोठ्या ट्रकला बहुधा सहा सिलिंडर असतात. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला सुमारे ६०० फेरे घेते. दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. म्हणजे सेकंदाला एकेका सिलिंडरचे ५ ठोके होतात आणि सहांचे मिळून ३० होतात. एक सिलिंडर बंद पडला तर २५ उरतात. सहा बैलांच्या नांगराचा एक बैल ओढीना, तर नांगर धक्के खात चालतो. इंजिनाचेही तसेच होते.

दोघा भावांचा ट्रक

समजा, दोघा भावांचा एक जुना ट्रक आहे. उसाचा हंगाम चालू आहे. ऊस तोडून पडला आहे. तोडलेला ऊस वाळतो. त्याचे वजन घटते, साखरही घटते. म्हणून तो लवकर कारखान्यावर गेला पाहिजे.

गाडी ओढत नव्हती, म्हणून भावांनी डिझेलचा फिल्टर बदलला. सहाही नोझल काढून तालुक्याच्या दुकानातून तपासून आणले आणि घरीच बसवले. सकाळी गाडी सुरू केली, तर सारी गाडी हलू लागली. पांढरा धूर निघाला. डोळे झोंबू लागले.

"पंपच गेला," थोरला म्हणाला.

"दादा, टॅपेट पिळून बघू का?" धाकट्याने विचारले.

तेवढ्यात शेजारचे मिस्त्रीमामा आले. त्यांनी पान्याला हात लावला नाही. ते म्हणाले, "पोरांनो, आधी कागद आणा. काय काय खोललं ते लिहा. ज्या क्रमानं खोललं, त्याच क्रमानं लिहा."

धाकटा साक्षरता वर्गात जात होता. त्याने लिहिले:

१. टाकीकडून येणारी नळी सोडली.
२. फिल्टर बदलला.
३. नोझलच्या सहा नळ्या सोडल्या.
४. सहा नोझल काढले.
५. नवे तांब्याचे वायसर घालून नोझल बसवले.

मामांनी विचारले, "या यादीत टॅपेट आहे का?"

"नाही, मामा."

"पंप खोललात का?"

"नाही."

"मग त्यांना आज हात लावायचा नाही. यादीत जे आहे तेच बघू. एका वेळी एकच काम करू. ते झालं की इंजिन चालवून ऐकू. मगच दुसरं."

पहिली तपासणी: डिझेलात हवा

फिल्टर बदलला की नळ्यांत हवा शिरते. डिझेल दाबले जात नाही, पण हवा दाबली जाते. पंप जोर लावतो, हवा आकसते आणि नोझल उघडतच नाही. म्हणून ही हवा बाहेर काढावी लागते. यालाच 'एअर काढणे' म्हणतात.

मामांनी फिल्टरवरचा एअरचा स्क्रू थोडा सैल केला. खाली डबा धरला. हातपंप मारला. आधी फेस आला, मग बुडबुडे आले, मग डिझेलची सलग धार आली. धार सलग होताच स्क्रू घट्ट केला. पंपावरच्या स्क्रूचेही तसेच केले.

इंजिन सुधारले. पण दहा मिनिटांनी पुन्हा आवाज तुटू लागला. कधी दोन ठोके चुकत, कधी चार.

मामा म्हणाले, "हवा काढली तरी परत येते. म्हणजे कुठून तरी ती आत शिरते आहे."

"पण मामा, डिझेल तर कुठेच गळत नाही," थोरला म्हणाला.

"तिथंच माणूस फसतो. टाकीपासून हातपंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. तिथं फट असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फुटक्या नळीनं ताक ओढून बघ. ताक सांडत नाही, पण तोंडात वारंच येतं."

यादीतली पहिलीच ओळ टाकीच्या नळीची होती. तो सांधा उघडला. तिथे जुनाच, चेपलेला वायसर पुन्हा घातला होता. नवा घातला. पुन्हा एअर काढली. आता आवाज मध्येच तुटेना.

अशी फट सापडली नाही, तर आणखी एक युक्ती आहे. टाकीची नळी सोडा. स्वच्छ डब्यातले डिझेल दुसऱ्या चांगल्या नळीने हातपंपाला द्या. इंजिन नीट चालले, तर दोष टाकीकडच्या बाजूला आहे असे समजा.

दुसरी तपासणी: कोणता सिलिंडर?

इंजिन सुधारले, तरी एक ठोका अजून लंगडत होता. तो आता नेमाने लंगडत होता. हा फरक ध्यानात ठेवा. ठोके कधी इथे, कधी तिथे चुकले, तर डिझेलातल्या हवेचा संशय घ्यावा. ठराविक ठोका नेमाने चुकला, तर एका सिलिंडरचा संशय घ्यावा.

गाडी जुनी होती आणि तिचा पंप साधा होता. म्हणून मामांनी इंजिन हळू चालू ठेवून एका नोझलच्या नळीचा नट अर्धा फेरा सैल केला. त्या सिलिंडरचे डिझेल बाहेर ओघळले. आवाज एकदम पडला. म्हणजे तो सिलिंडर नीट काम करत होता. नट घट्ट केला. मग दुसरा सिलिंडर, मग तिसरा. दर वेळी आवाज पडला. चौथ्याचा नट सैल केला, तेव्हा आवाजात फारसा फरक पडला नाही.

"लंगडा बैल हा," मामा म्हणाले. "काढलेले जुने वायसर कुठं आहेत?"

धाकट्याने ते एका वाटीत ठेवले होते. मामांनी मोजले. पाच होते.

"नोझल सहा काढले. वायसर पाचच निघाले. सहावा कुठं गेला?"

दोघे भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. इंजिन बंद करून मामांनी चौथा नोझल काढला. भोकात उजेड पाडला. जुना वायसर तळाशी चिकटून बसला होता. त्याच्यावर नवा घातला होता. त्यामुळे नोझल वर राहिला होता आणि त्याचा फवारा जागेवर पडत नव्हता.

वाकवलेल्या तारेने जुना वायसर हळूच वर काढला. भोकात काही पडू दिले नाही. जागा पुसून एकच नवा वायसर घातला. नोझल दोन्ही बाजूंनी सारखा आवळला. एअर काढली. इंजिन सुरू केले. ठोके सारखे पडू लागले. दुपारी ट्रक उसाच्या फडात उभा राहिला.

पंप काढून तालुक्याला नेला असता, तरी तो वायसर भोकातच राहिला असता.

धूर काय सांगतो

पांढरा धूर येतो आणि डोळे झोंबतात: डिझेल न जळताच बाहेर पडते आहे.

पांढरी वाफ येते आणि रेडिएटरचे पाणी कमी होते: पाणी सिलिंडरमध्ये जाते आहे. हेडचे पॅकिंग पाहा. गाडी चालवू नका.

काळा धूर: डिझेल जास्त किंवा हवा कमी.

निळा धूर: इंजिन ऑइल जळते आहे.

थंडीच्या सकाळी सुरुवातीला थोडा पांढरा धूर येतो. इंजिन तापल्यावर तो थांबला, तर काळजी नाही.

दुसरे काही उघडले असेल तर

हवेचा फिल्टर उघडला असेल, तर आत फडके राहिले नाही ना, ते पाहा. हवेची वाट अडली की काळा धूर येतो.

टॅपेट आवळले असतील, तर ते पुन्हा मोजा. फट फार कमी असली, तर वाल्व पुरता बसत नाही. दाब निसटतो आणि वाल्व जळतो. फट जास्त झाली, तर टकटक आवाज येतो. किती फट हवी ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. अंदाजाने पिळू नका.

क्लच किंवा गिअरबॉक्स उतरवला असेल, तर इंजिनाखालचे रबर आणि बोल्ट पाहा. आवाज सारखा असून फक्त गाडी हलत असेल, तर दोष बहुधा तिथे असतो.

पंपच काढून बसवला असेल, तर त्याच्या खुणा जुळल्या नसतील. हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या.

जिवाला जपा

नट सैल करून पाहण्याची रीत फक्त साध्या पंपाच्या जुन्या गाडीसाठी आहे. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या ट्रकांना भारत स्टेज ६ चा नियम लागू आहे. अशा गाड्यांना, आणि त्याआधीच्याही पुष्कळ गाड्यांना, कॉमन रेल असते. तिच्या नळ्यांत जुन्या गाड्यांपेक्षा कितीतरी जास्त दाब असतो. इंजिन चालू असताना त्या नळीला पाना लावू नका. अशा गाडीचा दोष मशीन लावून शोधतात. आपली गाडी कोणत्या जातीची ते ठाऊक नसेल, तर नट सोडूच नका.

नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधी धरू नका. जुन्या गाडीचा फवारासुद्धा कातडी भेदून आत जातो. वरून सुई टोचल्याएवढीच खूण दिसते. पहिल्यांदा फारसे दुखतही नाही. पण आतले मांस सडू लागते. बोट जाऊ शकते, हातही जाऊ शकतो. असे झाले तर उद्यावर टाकू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि "डिझेल आत घुसलं आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

बंद खोलीत इंजिन चालवू नका. धुरातला विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो, पण तो जीव घेतो. चाकाखाली दगड लावा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. उपरण्याचे किंवा लुगड्याचे टोक पट्ट्याजवळ जाऊ देऊ नका. पोराबाळांना दूर ठेवा.

वही ठेवा

आता तुम्हाला लिहिता येते. गाडीत एक वही आणि पेन्सिल ठेवा. काही खोलण्याआधी तारीख लिहा. जे सोडाल ते क्रमाने लिहा. नळ्यांना १ ते ६ आकड्यांच्या चिठ्ठ्या बांधा. उघड्या तोंडात स्वच्छ बूच घाला. काढलेले नट, वायसर मोजून लिहा. बसवताना पुन्हा मोजा.

मिस्त्रीकडे जावे लागले, तरी ही वही बरोबर न्या. तिच्यामुळे त्याचा वेळ वाचेल आणि तुमचे पैसे वाचतील.

प्रश्न

१. डिझेल इंजिन चालायला कोणत्या तीन गोष्टी लागतात?
२. टाकीच्या नळीला फट असूनही डिझेल का गळत नाही?
३. मामांनी टॅपेटला हात का लावू दिला नाही?
४. जुने वायसर मोजल्यामुळे काय कळले?
५. तुमच्या घरी पाण्याचे इंजिन, ट्रॅक्टर किंवा सायकल असेल. पुढच्या वेळी ती उघडाल, तेव्हा काय काय खोलले याची यादी वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.