आंकड्यांचा सारांश व त्याचा पेहराव

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे पालक व विद्यार्थी एकच प्रश्न विचारतात : वर्गाची सरासरी किती? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचें उत्तर एकाच आंकड्यांत देणें कितपत रास्त आहे, याचा आपण थोडा विचार करूं.

दोन तुकड्यांतून पांच पांच विद्यार्थी निवडले आहेत असें समजा. पहिल्या तुकडीचे गुण ४८, ५०, ५०, ५१, ५१. दुसरीचे २०, ३५, ५०, ६५, ८०. दोहोंची सरासरी ५० च येते. परंतु दुसऱ्या तुकडींतील वीस गुणांचा विद्यार्थी त्या सरासरीच्या आड झांकून गेला! हा विखुरलेपणा दाखविणारें माप म्हणजे प्रमाण विचलन. प्रत्येक गुणाचें सरासरीपासूनचें अंतर घेऊन त्याचा वर्ग करावा; सर्व वर्गांच्या बेरजेस, विद्यार्थ्यांच्या संख्येंतून एक वजा करून, भागावें; व शेवटीं वर्गमूळ काढावें. पहिल्या तुकडीचें उत्तर सुमारें १.२, दुसरीचें सुमारें २३.७ येतें. म्हणून सारांश असा लिहावा : पहिली ‘५०.० ± १.२ (संख्या ५)’, दुसरी ‘५०.० ± २३.७ (संख्या ५)’. आतां भेद लपत नाहीं.

हें काम संगणकावरील स्प्रेडशीटमध्यें सुलभ होतें. १९७९ सालीं डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनीं व्हिसिकॅल्क हा कार्यक्रम पुढें आणला. आज एक्सेल सर्वांच्या परिचयाचें आहे. त्यांत सरासरी, प्रमाण विचलन व संख्या काढणारीं फंक्शनें तयार असतात. ‘टेक्स्ट’ या फंक्शननें प्रत्येक उत्तर एका दशांश स्थळापर्यंत लिहावें व ‘अँड’ चिन्हानें सर्व तुकडे जोडावे. परंतु दहा विषयांसाठीं हें लांबलचक सूत्र दहा वेळां लिहिलें, तर एखादे ठिकाणीं चूक होणारच. यासाठीं ‘लॅम्ब्डा’च्या साहाय्यानें तें सूत्र एकदांच लिहून त्यास नांव द्यावें. पुढें तें नांव व गुणांचा रकाना एवढेंच सांगितलें कीं पुरे. हेंच सहायक फंक्शन. सुधारणा करणें झाल्यास एकेच ठिकाणीं केली म्हणजे सर्वत्र होते.

दोन गोष्टींविषयीं मात्र सावध राहावें. पहिली, अशा रीतीनें सजविलेलें उत्तर मजकूर असतें, संख्या नव्हे. त्याची बेरीज करूं नये. मूळ गुण निराळ्या रकान्यांत जसेच्या तसे ठेवावे. दुसरी, दशांश केवळ दिसण्यापुरते लपविले, तरी आंत मूळ संख्या कायम असते. ३३.४ ही संख्या तीनदां मांडून दशांश लपविल्यास ३३, ३३, ३३ असें दिसतें, पण बेरीज १०० दिसते. कारण खरी बेरीज १००.२ आहे. वाचणारा मात्र ९९ मोजतो, आणि लिहिणाऱ्यावरचा त्याचा विश्वास उडतो.

आंकड्यांस नीटनेटका पेहराव द्यावा तो शोभेसाठीं नव्हे, तर खरें तें दिसावें म्हणून. पालकहो, पुढील खेपेस सरासरी विचारतांना तिच्या मागें कोण उभें आहे, हेंही अवश्य विचारा. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही तें दाखवूं शकाल असा सारांश लिहावयास शिका.