ग्रंथपालाची पृच्छा

नांदगावसारख्या गावातील ग्रंथपालास दूरचा व्यवसायबंधू हाच मोठा संदर्भग्रंथ. हल्ली ही विचारपूस भ्रमणध्वनीवरील समूहांत चालते. तेथे ‘मूकनायक मिळेल का?’ एवढेच लिहिले, तर उत्तर बहुधा येत नाही. ३१ जानेवारी १९२० चा पहिला अंक हवा की नंतरचा, मूळ प्रत की पुनर्मुद्रण, कोठे शोधून झाले, हे सांगितले की जाणकार थांबतो. डॉ. रंगनाथन यांच्या १९३१ च्या पंचसूत्रीतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याचे. आम्ही त्यात सहकाऱ्याचाही वेळ धरतो. (शुभेच्छांच्या चित्रांखाली खरी पृच्छा बुडते, ते वेगळेच!) अंक कोठे मिळाला, हेही समूहावर कळवावे. पुष्कळजण केवळ आभार मानतात. मग दुसऱ्या गावचा विद्यार्थी त्याच अंकासाठी पुन्हा ताटकळतो.