जॅक-स्टँडखाली फरशी दबते, काय करावे?

प्रश्न : गॅरेजमध्ये व्हिनाइलच्या, एकमेकांत अडकणाऱ्या टाइल्स बसवल्या आहेत. जॅक आणि स्टँड लावले की त्यांवर खळगे पडतात. खाली जुन्या टायरचा तुकडा ठेवला तर चालेल का?

उत्तर : टायर नको. रबर दाबाखाली लचकतं, स्टँड कलू शकतो. शिवाय रबरातल्या रसायनांमुळे व्हिनाइलवर पिवळट-तपकिरी डाग उठतात, ते पुसून जात नाहीत.

खळगे पडतात ते वजन एकवटल्यामुळे. १२०० किलोच्या गाडीचे सुमारे ३०० किलो एका स्टँडवर येतात आणि तेही पायांच्या अरुंद कडांवर. तेच वजन १८ मिलिमीटर जाडीच्या, फूटभर चौरस प्लायवर पसरलं, तर दर चौरस सेंटिमीटरला सरासरी अर्धा किलोही भार येत नाही. प्लाय सपाट, न फुगलेला हवा. स्टँड बरोबर मध्ये ठेवा.

ट्रॉली जॅकचं वेगळं. गाडी उचलताना तो चाकांवर थोडा पुढे सरकतो. त्याला मोकळं सरकता येईल एवढा लांब प्लाय घाला, नाहीतर चाकं कडेवरून खाली उतरतील.

काम वरचेवर निघत असेल तर सरळ त्या जागच्या टाइल्स काढा आणि स्टँड थेट काँक्रीटवर टेकवा. मला हाच उपाय सर्वांत पसंत आहे.

विटा किंवा पोकळ ब्लॉक मात्र कधीही लावू नका, ते अचानक फुटतात. जमिनीवरच्या चाकांना अडण लावा आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कृपया शिरू नका.