आपला भार आणि एकमेकांची ओझी



संत पौलाच्या गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय काढून पाहा. दुसऱ्या वचनात तो सांगतो की, एकमेकांची ओझी वाहा. त्यातच ख्रिस्ताचा नियम पूर्ण होतो. लगेच पाचव्या वचनात म्हणतो की, प्रत्येकाने आपापला भार वाहायचा आहे. मग खरे काय मानायचे? दुसऱ्यांवर टेकायचे की स्वतःच्या पायावर उभे राहायचे?

मूळ ग्रीक भाषेत येथे दोन वेगळे शब्द आहेत. दुसऱ्या वचनातील 'बारोस' म्हणजे माणसाला दडपून टाकणारे वजन. आजारपण, कर्ज, पतन, मरणाचे दुःख ही अशी वजने आहेत. पाचव्या वचनातील 'फोर्तिऑन' म्हणजे ज्याचे त्याने उचलायचे गाठोडे. आपले काम, आपला निर्णय, आपल्या कृत्याचा देवापुढे द्यायचा हिशेब यांचा त्यात समावेश होतो. प्रभू येशूने आपले ओझे हलके आहे असे सांगितले (मत्तय ११:३०), तेथेही 'फोर्तिऑन' हाच शब्द आहे. म्हणजे पौलाच्या दोन वाक्यांत विरोध नाही. कोणते ओझे कोणते, हे ओळखणे आपल्याकडे आहे.

पौल स्वतः असाच जगला. करिंथ येथे तो तंबू तयार करण्याचा धंदा करत असे (प्रेषितांची कृत्ये १८:३). कोणावर भार पडू नये म्हणून थेस्सलनीका येथे त्याने रात्रंदिवस कष्ट केले. पण फिलिप्पै येथील भाविकांनी तुरुंगात मदत पाठवली, तेव्हा त्याने ती नाकारली नाही. आहे त्या स्थितीत समाधानी राहायला शिकलो आहे, असे तो त्यांना लिहितो आणि तरीही तुम्ही माझ्या संकटात सहभागी झालात हे चांगले केले, असे सांगतो (फिलिप्पै. ४:११-१४). स्वावलंबन आणि कृतज्ञता एकाच पत्रात शेजारी शेजारी आहेत.

ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण हेच सांगते. पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या परिपत्रकात तत्त्व मांडले की, व्यक्ती किंवा लहान समूह जे स्वतः करू शकतो ते मोठ्या संस्थेने त्याच्या हातून काढून घेऊ नये. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ साली 'सोलिचितुदो रेई सोचियालिस' मध्ये स्पष्ट केले की, परस्पर बांधिलकी म्हणजे नुसता कळवळा नव्हे, तर सर्वांच्या हितासाठी झटण्याचा पक्का निर्धार. पहिले तत्त्व माणसाचा हात मोकळा ठेवते, दुसरे तो हात दुसऱ्याच्या हातात देते.

आता आपल्या परभणी जिल्ह्याकडे पाहू या. दिवाळीच्या सुमारास गावोगावची कुटुंबे ऊसतोडीला निघतात. तेथे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. एकाने तोडायचे, दुसऱ्याने मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची. एकट्याने हे काम होतच नाही. पण याच जोडीत बाईचे नाव हिशेबात बहुधा नसते. मजुरी नवऱ्याच्या नावे जमा होते. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटली नाही, तर पुढच्या हंगामातही जावे लागते. म्हणजे माणसे एकमेकांना बांधलेली आहेत एवढ्यावरून तेथे प्रेम आहे असे म्हणता येत नाही. उचलीचे बंधन माणसाला लहान करते. ख्रिस्ताचे बंधन माणसाला त्याच्या नावाने हाक मारते.

याच्या उलट चूकही आपल्यात आहे. "आम्हाला कोणाचे उपकार नकोत" असे म्हणून घरातले दुखणे किंवा सावकाराचे कर्ज शेवटपर्यंत लपवले जाते. मराठवाड्यात किती शेतकऱ्यांनी असे एकट्याने सोसून जीव दिला, हे आपण जाणतो. मदत मागणे हा कमीपणा नव्हे. जो कधीच मागत नाही, तो आपल्या भावाला ख्रिस्ताचा नियम पाळायची संधीही देत नाही. तसेच, जो आपले रोजचे गाठोडेही इतरांच्या डोक्यावर ठेवतो, तो खरोखर दडपलेल्या माणसाच्या वाट्याचा खांदा अडवून बसतो.

या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेच्या वेळी या तीन प्रश्नांवर बोलावे:

१. माझे कोणते गाठोडे मी दुसऱ्यावर टाकले आहे?

२. कोणते जड ओझे मी लाजेपोटी एकटाच वाहतो आहे? ते कोणाला सांगू शकतो?

३. माझ्या घरात किंवा शेजारी असे कोण आहे, ज्याचे कष्ट मोजले जातात पण नाव घेतले जात नाही?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर त्या व्यक्तीकडे जाऊन यावे. पुढच्या रविवारच्या मिस्साबलिदानात आपण तिची आठवण वेदीवर ठेवू.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला धर्मगुरू