मोटारीचे ऑईल : जाड की पातळ?



आपल्या पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांची एक चूल गावाला आणि दुसरी लालबाग-परळला, हे काही नवे नाही. आजोबा गिरणीत गेले, मुलगा दादरला राहिला, नातू गिरगावात नोकरी करतो. हा नातू आता एस.टी.ने येत नाही, स्वतःची मोटार घेऊन येतो. गणपतीला किंवा दिवाळीला गाडी दारात लागली की घरातले कोणीतरी बॉनेट उघडते, ऑईलची पट्टी ओढून बघते. पातळी जरा खाली दिसली की ट्रॅक्टरसाठी आणून ठेवलेल्या डब्यातले अर्धा-एक लिटर ओतून मोकळे. "काका, हे ऑईल जाड आहे ना?" असे पोराने विचारलेच तर उत्तर ठरलेले : "जाड हाय म्हणूनच चांगलं हाय. इंजान टिकतंय."

गाडीवर बँकेचे कर्ज असते, आणि इंजिन उघडायची वेळ आली तर महिन्याच्या हप्त्यांचा हिशेबच कोलमडतो. तेव्हा या समजुतीचा एकदा नीट विचार केलेला बरा.

ऑईलचा जाडपणा म्हणजे काय, हे गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. काहिलीतली गरम काकवी पळीतून सहज सांडते. तीच थंडीच्या सकाळी बरणीतून निघता निघत नाही. वस्तू तीच, उष्णता बदलली की वाहणे बदलते. इंजिनातल्या ऑईलचेही तसेच. एसएई ही मोटार इंजिनिअरांची संस्था अमेरिकेत १९०५ साली स्थापन झाली. १९११ पासून तिने ऑईलला जाडपणाप्रमाणे नंबर देण्याची पद्धत पाडली, तीच सुधारत सुधारत आजही चालू आहे. डब्यावर '२०डब्ल्यू-५०' किंवा '५डब्ल्यू-३०' असे छापलेले असते ते हेच. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा गारठलेले इंजिन सुरू होताना ऑईल कसे वागेल ते सांगतो, आणि नंतरचा आकडा तापलेल्या ऑईलचा जाडपणा सांगतो.

पहिल्या आकड्याची परीक्षा कडाक्याच्या थंडीत घेतात. इंजिन फिरेल की नाही हे २०डब्ल्यू ऑईलला उणे १५ अंशांवर तपासतात, ५डब्ल्यूला उणे ३० अंशांवर. मुंबईत नोंदलेले नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सियस, तेही २२ जानेवारी १९६२ रोजी. म्हणजे परळच्या चाळीखाली उभ्या असलेल्या गाडीला या आकड्याची फार धास्ती नको. फरक अजिबात पडत नाही असे मात्र नव्हे. आपल्याकडच्या हवेतसुद्धा ५डब्ल्यू-३० हे २०डब्ल्यू-५० च्या निम्म्याहून कमी जाड असते, आणि सकाळच्या पहिल्या चावीला इंजिनाच्या डोक्यापर्यंत लवकर पोचते. झीज बरीचशी त्या पहिल्या काही क्षणांत होते.

खरा प्रश्न दुसऱ्या आकड्याचा. १०० अंश सेल्सियसला २० नंबरचे ऑईल ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक्स भरते, ३० नंबरचे ९.३ ते १२.५, ४० चे १२.५ ते १६.३ आणि ५० चे १६.३ ते २१.९. सेंटिस्टोक्स हे वाहण्याला होणाऱ्या अडथळ्याचे माप, एवढे लक्षात ठेवले की पुरे. वीस आणि पन्नास यांत दुपटीहून जास्त अंतर आहे, हे महत्त्वाचे.

आता आपल्याच कारखान्यात या. मिलचा रोलर मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतो, आणि त्यावर दाब टनावारी. त्याच्या बेअरिंगला डांबरासारखे जाड ऑईल लागते, कारण एवढ्या सावकाश फिरणाऱ्या भागाखाली पातळ ऑईल टिकणारच नाही, चेपून बाहेर जाईल. त्याच आवारात वाफेवरचे टर्बाईन मिनिटाला हजारो फेरे घेते, त्याचे ऑईल मात्र कितीतरी पातळ. उद्या कोणी 'जाड ते चांगले' म्हणून मिलचे ऑईल टर्बाईनला घातले तर बेअरिंग तापून हंगामच बंद पडायचा. भार किती, वेग किती आणि दोन भागांमधली फट केवढी, यावर जाडपणा ठरतो. मोटारीचे इंजिन त्याला अपवाद नाही.

मग ही समजूत आली कुठून? आमच्या मते, बरीचशी मुंबईच्या टॅक्सीवरून. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट, पुढे तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले, १०८९ सीसीचे साधे, दणकट इंजिन. टॅक्सी झाली की ती दिवसपाळी-रातपाळी पळायची. वर्षानुवर्षे पळून पिस्टनच्या रिंगा झिजायच्या, सायलेन्सरमधून निळा धूर यायचा. इंजिनाचे काम काढायला पैसा नसायचा. अशा वेळी मेकॅनिक जाडातले जाड ऑईल भरायचा. धूर कमी व्हायचा, खडखड दबायची, मालकाला आणखी काही महिने मिळायचे. झिजून फटी वाढलेल्या इंजिनाला तो उपाय बरोबरच होता. पण ते ठिगळ होते, आणि लोकांनी ते टॉनिक समजून नव्या इंजिनालाही द्यायला सुरुवात केली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आर.टी.ओ.त नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तिच्या काळातला सल्ला मात्र अजून गॅरेजातून फिरतो आहे.

आजच्या इंजिनात बेअरिंगमधली फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. पुष्कळ गाड्यांत व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा ऑईलच्याच दाबावर चालते आणि तिच्या वाटा बारीक असतात. टर्बो असेल तर त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. इथे नेमून दिल्यापेक्षा जाड ऑईल घातले की पंपाला ते ढकलताना जोर पडतो, दाब मर्यादेपलीकडे गेला की सुटकेची झडप उघडते आणि ऑईल वर जाण्याऐवजी माघारी वळते. दाब जास्त म्हणजे पुरवठा जास्त, असे नव्हे. शिवाय ते घुसळण्यात पेट्रोलही जास्त जळते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही नव्या पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात ०डब्ल्यू-२०, क्वचित ०डब्ल्यू-१६ सुद्धा लिहिलेले असते. त्यामागे इंजिनाच्या रचनेइतकेच इंधन वाचवण्याचे सरकारी निकषही आहेत. म्हणून पुस्तकात एकाहून जास्त नंबर दिले आहेत का ते जरूर बघावे. दिले असतील, आणि गाडी भरून खंडाळा, खंबाटकी चढत गावी येणारी असेल किंवा लाखभर किलोमीटर पळालेली असेल, तर दिलेल्यांपैकी जाड नंबर घ्यावा असे आम्ही म्हणू. दिलेल्यांच्या बाहेर जाऊ नये. गाडी जुनी असून ऑईल पिऊ लागली असेल तर एक पायरी वर जायला हरकत नाही, ३० वरून ४०. एकदम ५० नको.

मुंबईतल्या गाडीची आणखी एक गोष्ट आहे. गिरगावातून दादरला जायचे तर अंतर आठ-नऊ किलोमीटर, वेळ मात्र सिग्नल आणि गर्दी ठरवणार. गणपतीत लालबागला अडकलात तर विचारूच नका. मीटरवर किलोमीटर वाढत नाहीत, इंजिन मात्र चालूच असते. पाण्याचा काटा लवकर वर येतो, ऑईल नीट तापायला त्याहून बराच वेळ लागतो, आणि तोवर गाडी पार्किंगला लागलेली असते. न जळलेले पेट्रोल थोडे थोडे ऑईलमध्ये उतरते, ते उडून जायला पुरेशी उष्णता मिळत नाही, आणि ऑईल पातळ होते. डब्यावर ३० लिहिले तरी आत ३० उरत नाही. अशा गाडीला जाड ऑईल घालण्यापेक्षा ऑईल लवकर बदलणे हा उपाय. किलोमीटर भरोत न भरोत, पुस्तकात दिलेली महिन्यांची मुदत पाळावी. 'कमी फिरते' म्हणून दोन-दोन वर्षे तेच ऑईल ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

डिझेल गाडीवाल्यांनी जास्तच सावध राहावे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले, तेव्हापासून डिझेल मोटारींच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारे फिल्टर आले. काजळी जाळण्यासाठी गाडी मधूनमधून जास्तीचे डिझेल सोडते. शहरातल्या तुकड्या-तुकड्यांच्या प्रवासात हे जाळणे अर्धवट राहते आणि डिझेल ऑईलमध्ये उतरते. पट्टीवर ऑईल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले दिसले तर 'बरं झालं' म्हणू नये, सर्व्हिसला न्यावी.

ट्रॅक्टरच्या डब्याचा धोकाही इथेच. त्यातले ऑईल बहुधा १५डब्ल्यू-४० असते आणि ट्रॅक्टरला ते चांगलेच असते. पण साध्या डिझेल ऑईलमध्ये जळल्यावर राख सोडणारी द्रव्ये जास्त. काजळी जाळता येते, राख जळत नाही, ती त्या महागड्या फिल्टरमध्ये साठत जाते. म्हणून अशा गाडीला कमी राखेचे ऑईल सांगितलेले असते. नंबर जुळला तरी डब्यावरची ही दुसरी अक्षरे जुळवावी लागतात : एपीआयमध्ये 'एस' पेट्रोलसाठी, 'सी' डिझेलसाठी, आणि फिल्टरवाल्या गाड्यांसाठी बहुधा एसीईएची 'सी' श्रेणी. दोन्ही 'सी' एकच समजू नयेत.

रात्रीच्या वेळी पातळी पट्टीच्या खालच्या खुणेखाली गेली आणि घरात दुसरे काही नसेल तर? तर ट्रॅक्टरचे अर्धा लिटर घालावे, कोरडे इंजिन चालवण्यापेक्षा ते परवडले. दोन्ही खुणांच्या वर मात्र भरू नये. मुंबईला पोचल्यावर ऑईल आणि फिल्टर बदलून टाकावा, आणि येताना योग्य नंबरचा एक सीलबंद लिटर डिकीत ठेवावा.

उरलेले मोटारीचे ऑईल मोटारसायकलला घालू नये. तिचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, आणि मोटारीच्या कित्येक पातळ ऑईलमध्ये घसरण वाढवणारी द्रव्ये असतात. तिच्यासाठी डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' असे लिहिलेले बघून घ्यावे.