अंगणातील रंगभूमी : एफुआ सदरलँड

घानामधील आकान लोकांत रात्री गोष्ट सांगणारा माणूस कधीच एकटा बोलत नसे. गोष्ट रंगात आली असता श्रोत्यांपैकी कोणीही त्याला थांबवावे आणि प्रसंगाला साजेसे गाणे सुरू करावे, अशी मुभा असे. भोवतालची मंडळी साथ देत, क्वचित नाचही होई. मग गोष्टीचा सुटलेला धागा पुन्हा हाती घेतला जाई. या गाण्याला ‘म्बोगुओ’ म्हणतात. परक्याला हा रसभंग वाटेल. एफुआ सदरलँड यांना मात्र त्यातच आपल्या देशाच्या रंगभूमीचे बीज दिसले.

त्यांचा जन्म १९२४ साली केप कोस्ट येथे झाला. केंब्रिज व लंडन येथे शिक्षण घेऊन त्या १९५१ साली मायदेशी परतल्या आणि अध्यापन करू लागल्या. १९५७ साली देश स्वतंत्र झाला. स्वतंत्र देशाच्या मुलांनी कोणत्या गोष्टी ऐकाव्यात, कोणती नाटके पाहावीत, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. १९५८ साली त्यांनी प्रायोगिक नाट्यसंस्था काढली. १९६१ साली अक्रा येथे ‘घाना ड्रामा स्टुडिओ’ उभा राहिला. घरांच्या मधल्या अंगणासारखी त्याची मोकळी रचना होती. पुढे एकुमफी-आट्विया या खेड्यात गावकऱ्यांच्या सहकार्याने ‘कोड्झीदान’, म्हणजे गोष्टीचे घर, बांधण्यात आले.

‘एडुफा’ हे त्यांचे नाटक युरिपिडीझच्या ‘अल्केस्टिस’वर आधारलेले आहे. तथापि त्यांची खरी कामगिरी पाहायची ती १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द मॅरेज ऑफ अनान्सेवा’ या नाटकात. कोळी अनान्से हा आकान कथांचा नायक. लबाड, लोभी आणि तरीही हवाहवासा. येथे तो दरिद्री बाप आहे. लेकीकडूनच पत्रे टंकलिखित करून घेऊन तो चार सरदारांना तिच्या विवाहाची आशा लावतो आणि चौघांकडून भेटी उकळतो. विवाह पक्का करणारे विधिपूर्वक मद्य चौघेही एकाच वेळी पाठवणार असे कळताच त्याची गाळण उडते. तो लेकीला मेल्याचे सोंग करावयास लावतो! दूत शोक करण्यास येतात आणि प्रत्येक सरदाराचे मन उघडे पडते. एकच सरदार मृत मुलीलाही पत्नीचा मान देऊन अंत्यविधीचा भार उचलू पाहतो; त्याच्या प्रेमाच्या बळावर मुलगी ‘जिवंत’ होते. रंगमंचावर कथेकरी असतो, लागेल ती वस्तू हाती देणारा मनुष्य सर्वांदेखत वावरतो आणि नटमंडळी ‘म्बोगुओ’ गातात. या प्रकाराला सदरलँड यांनी ‘अनान्सेगोरो’ असे नाव दिले. अनान्सेला हसता हसता लोक स्वतःचे परीक्षण करतात, अशी त्यांची धारणा होती. ‘कुसुम आगोरोम्बा’ या फिरत्या नाटकमंडळीने आकान भाषेतही प्रयोग केले. केवळ इंग्रजी जाणणाऱ्यांपुरते नाटक त्यांना नकोच होते.

पुढे अक्रा येथे भव्य राष्ट्रीय नाट्यगृह बांधण्याचे ठरले आणि त्याच्या जागेसाठी ड्रामा स्टुडिओ पाडण्यात आला. नवी वास्तू १९९२ साली पूर्ण झाली. ती भव्य आहे खरी, परंतु तिच्यासाठी नेमके हे अंगणच जावे, हे दुर्दैवच म्हणावे लागेल. सदरलँड यांचे निधन १९९६ साली झाले. पाडलेल्या स्टुडिओची प्रतिकृती लेगॉन येथील विद्यापीठाच्या आवारात उभारण्यात आली असून तिला त्यांचेच नाव दिलेले आहे.